शब्दचर्चा: टॉपलाइन, कट, होल्ड, स्प्लिट

अक्षरवेल:
दुसऱ्यांसाठी हिट गाणी लिहिणाऱ्या पॉप गीतकारांवरचा एक लेख मराठीत आणतेय. एका वाक्यावर गाडी अडली आहे: 'त्या वर्षी तिचे तीन कट झाले, दोन गाणी होल्डवर होती, टॉपलाइन तिची, स्प्लिट २५ टक्के.' टॉपलाइनला 'मुख्य ओळ' आणि कटला 'काटछाट' चालेल का?

मुद्राराक्षस:
दोन्ही नको. कट म्हणजे एखाद्या गायकाने ते गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकडीत खाच कोरून मुद्रण व्हायचं तेव्हापासूनचा हा शब्द. पण 'तीन गाणी प्रकाशित झाली' असंही लिहू नका. अल्बमसाठी लागतात त्याहून जास्त गाणी मुद्रित करतात आणि उरलेली डब्यात जातात. कट झाला तरी गाणं बाहेर येईलच असं नाही, आणि आलं नाही तर रॉयल्टीही नाही.

चालबद्ध:
टॉपलाइनमध्ये गायची चाल आणि तिचे शब्द, दोन्ही आले. आपण गीतकार म्हटलं की फक्त शब्द धरतो, घोळ तिथेच होतो. प्रोड्यूसरकडे ताल, बास आणि कॉर्ड असलेला ट्रॅक तयार असतो. टॉपलाइन करणारी व्यक्ती तो पुन्हा पुन्हा लावून माइकपुढे निरर्थक अक्षरं गुणगुणते. आपल्याकडच्या डमी शब्दांसारखंच. त्यातून कानात राहणारा तुकडा, म्हणजे हुक, निवडायचा, बाकीची चाल त्याभोवती बांधायची आणि मग मीटरमध्ये खरे शब्द बसवायचे. (हुकला 'मुखडा' म्हणू नका. हुक दोन शब्दांचा असू शकतो, नुसत्या 'ओ ओ'चाही असतो.)

इथे हमखास बिघडतं ते असं: लांब, उंच सुरावर 'ई' किंवा 'ऊ' येतो आणि जोरात गाताना गळा आवळतो. तिथे 'आ', 'ओ' सोयीचे. दुसरं, डेमो, म्हणजे गायकाला ऐकवायचं कच्चं ध्वनिमुद्रण, लिहिणाऱ्याच्या पट्टीत असतो. गायिकेसाठी पट्टी खाली आणली की कोरस (गाण्यात परत परत येणारा भाग) बसतो, पण कडव्याचे खालचे सूर ऐकूच येत नाहीत. म्हणून डेमो पाठवण्याआधी चालीतला सर्वात खालचा आणि सर्वात वरचा सूर तिच्या आवाजाशी ताडून पाहतात.

उदाहरण हवं असेल तर रिहानाचं 'डायमंड्स' (२०१२). रचनेचं श्रेय सिया, बेनी ब्लँको आणि स्टारगेट या जोडीला आहे. त्यात टॉपलाइन सियाची. तिला नुसती 'गीतकार' म्हटलंत तर चाल दुसऱ्याची ठरते.

अक्षरवेल:
मग मराठीत काय लिहू?

चालबद्ध:
टॉपलाइनच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'गायची चाल आणि शब्द' असं उलगडा. 'शीर्षरेषा' वगैरे वाचून कुणालाही देवनागरी लिपी आठवेल.

मुद्राराक्षस:
होल्डसाठी 'राखून ठेवलेलं'. गायकाच्या बाजूने कुणीतरी सांगतं, हे आम्हाला हवंय, इतर कुणाला ऐकवू नका. बहुधा तोंडी, पैसे न देता. याला वजन असतं कारण पहिल्या प्रकाशनाची परवानगी हक्कधारकाच्या हातात असते. अमेरिकेत एकदा गाणं प्रकाशित झालं की ठरलेला दर भरून कुणीही आपल्या आवाजात काढू शकतं. धोका लिहिणाऱ्याचाच. गाणं महिनोन्महिने अडकतं, शेवटी नकार येतो आणि तोवर तो आवाज, तो ताल शिळा झालेला असतो. म्हणून होल्ड देताना तारीख घालून ई-मेलवर लिहून घेतात. एकच गाणं दोघांना होल्डवर देणाऱ्याचं पुढचं गाणं कुणी ऐकत नाही.

हिशेबनीस:
स्प्लिट म्हणजे रचनेतला हिस्सा. 'रचनेतला' हा शब्द गाळू नका. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण. दोघांचे सांकेतिक क्रमांकही वेगळे, रचनेचा आयएसडब्ल्यूसी, मुद्रणाचा आयएसआरसी. इतरांसाठी लिहिणाऱ्याला सहसा फक्त रचनेकडचे पैसे मिळतात. अमेरिकेत २०२३ साली सीडी किंवा डाउनलोडमागे, पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला, रचनेचा दर १२ सेंट होता. २५ टक्के म्हणजे ३ सेंट, त्यातूनही पब्लिशरचा, म्हणजे रचनेचे हक्क सांभाळून पैसे वसूल करणाऱ्याचा, वाटा जायचा. उलट तिथल्या एएम-एफएम रेडिओवर रचनेचे पैसे मिळतात आणि गायकाला मुद्रणाचे मिळत नाहीत.

हिस्से स्प्लिट शीटवर लिहितात: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, रॉयल्टी वसूल करून देणारी संस्था, आयपीआय क्रमांक (लेखकाचा ओळख क्रमांक), टक्के, सह्या. हे बैठक संपतानाच करायचं. करार नसेल तर अमेरिकी कायदा सहलेखकांना समान वाटेकरी धरतो, मग एकाने चार ओळी लिहिल्या असोत की चाळीस. आणि प्रत्येकाने आपापला आकडा नोंदवून बेरीज ११० झाली, तर वाद मिटेपर्यंत पैसे अडकू शकतात.

अक्षरवेल:
लेखात 'पब्लिशिंग' आहे, त्याला मी 'प्रकाशन' केलंय.

हिशेबनीस:
बदला. प्रकाशन म्हटलं की वाचक 'गाणं बाजारात आलं' असं समजेल. इथे अर्थ रचनेचे हक्क आणि त्यांची वसुली. डॉली पार्टननी लिहिलेलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' एल्व्हिस प्रेस्लीला गायचं होतं, तेव्हा त्याच्या व्यवस्थापकाने पब्लिशिंगमधला अर्धा हिस्सा मागितला आणि पार्टननी नकार दिला, हा प्रसंग त्यांनीच सांगितला आहे. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात ते गाणं गाजलं तेव्हा ते हक्क पार्टन यांच्याकडेच होते. इथे 'प्रकाशनाचा अर्धा हिस्सा' लिहून बघा, काहीच कळत नाही.

मुद्राराक्षस:
आणखी एक. अशा लेखकांना सरसकट 'घोस्टरायटर' म्हणायची पद्धत पडली आहे, ती चुकीची. श्रेयनामावलीत नाव असेल तर भूत कसलं? नाव लपवायचं ठरलं असेल तिथेच तो शब्द वापरा.

अक्षरवेल:
आता असं केलंय: 'त्या वर्षी तिची तीन गाणी इतरांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली, दोन राखून ठेवलेली होती, चाल आणि शब्द तिचे, रचनेत हिस्सा २५ टक्के.'

हिशेबनीस:
ठीक. फक्त २५ टक्के कोणत्या गाण्यात हे मूळ लेखात बघून घ्या. स्प्लिट गाण्यागणिक ठरतो, पाचही गाण्यांना एकच आकडा असण्याची शक्यता कमी.