युनियनच्या निवडणुकीत मत कोणाला द्यावं? (कॅलिफोर्निया, लेक्चरर)

चहाबिस्किट:
नमस्कार मंडळी, मी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका कॅम्पसवर लेक्चरर आहे, पाचवं वर्ष, कुठला कॅम्पस ते सांगत नाही. म्हणजे आपल्या भाषेत कंत्राटी. नेमणुकीचं पत्र येतं आणि त्यात खाली ती ओळ असतेच की मुलं भरली आणि बजेट असलं तरच. सध्या आमच्या चॅप्टरची, म्हणजे प्राध्यापक युनियनच्या कॅम्पसवरच्या शाखेची, निवडणूक आहे आणि दोन गट एकमेकांच्या उरावर बसलेत. एक म्हणतो हातात जो करार आहे तो आधी सांभाळा, लेक्चररांच्या कलमांना हात लागू देऊ नका. दुसरा म्हणतो हेच लोक २०२४ ला एका दिवसात संप गुंडाळून घरी गेले, हे कसला करार सांभाळणार. रोज दोन्हीकडून ईमेल. परवाच्या मीटिंगला तर पिझ्झाचे खोके तसेच पडून राहिले, एवढी जुंपली होती. माझं दुखणं इतकंच की सहा वर्षं झाली की तीन वर्षांच्या नेमणुकीचं पत्र मिळतं असं ऐकलंय आणि मी अगदी उंबरठ्यावर आहे. कोणाला मत दिलं तर ते टिकेल?

जुना_खडू:
ताई, ऐकलंय काय, लिहिलंय ते, करारातलं बारावं कलम काढून वाचा. एकाच कॅम्पसवर सलग सहा वर्षं. वर्षात एक सेमिस्टर शिकवलं तरी ते वर्ष धरतात, पण मध्ये खंड पडता कामा नये. त्यामुळे आधी सगळी नेमणूकपत्रं एका फोल्डरमध्ये टाका, निवडणूक मग.

आता मुद्द्याचं. पगाराच्या वाटाघाटी राज्य पातळीवरची टीम करते, तुमच्या चॅप्टरचा अध्यक्ष नाही, त्यामुळे "आम्ही अमुक टक्के आणू" म्हणणाऱ्याकडे फार लक्ष देऊ नका. चॅप्टरमध्ये खरं काम ग्रीव्हन्स, म्हणजे करार मोडल्याच्या तक्रारी, बघणाऱ्याचं. मी पूर्वी दुसऱ्या राज्यात शिकवायचो, तिथे एका बाईंचा वर्ग ऑगस्टमध्ये कापला आणि आठवड्याने तोच वर्ग नवीन आलेल्याला दिला. करारात क्रम स्पष्ट होता, आधी कोणाला काम द्यायचं त्याचा. पण बाई गप्प, डिपार्टमेंट गप्प, आणि मुदत निघून चाललेली. युनियनचा एक म्हातारा प्रोफेसर स्वतः त्यांच्या ऑफिसात जाऊन बसला, फॉर्म भरून घेतला, वर्ग परत मिळाला. तो माणूस भाषण करायला उभा राहिला की अर्धी सभा डुलक्या काढायची, पण मत मी त्यालाच द्यायचो.

पावसात_भिजलेला:
खडूसाहेब, पटतंय, पण २०२४ विसरा म्हणताय का? २२ जानेवारी, २३ च्या २३ कॅम्पसवर संप, २९ हजार लोकांची युनियन, आठवडाभर संप करायची तयारी, आम्ही पावसात बोर्ड धरून उभे, बूट ओले, आणि रात्री मेसेज की समझोता झाला, उद्यापासून कामावर. मागितले होते १२ टक्के. मिळाले ५, आणि पुढचे ५ राज्याने बजेट कापलं नाही तर. पहिले ५ तर मॅनेजमेंट आधीच देत होतं! फक्त आता ते १ जुलै २०२३ पासून धरले.

जुना_खडू:
भिजलेभाऊ, तुमचा राग खोटा नाही. पण त्याच करारात सगळ्यात कमी पगारावरच्या लेक्चररांचा किमान पगार वर उचलला आणि मूल झाल्यावर आईवडिलांना मिळणारी पगारी रजा ६ आठवड्यांवरून १० वर गेली, हेही सांगा की. आणि फेब्रुवारीत मतदान झालं तेव्हा ७६ टक्के लोकांनी हो म्हटलं.

पावसात_भिजलेला:
म्हणजे चौघातला एक नाही म्हणाला, हे कमी आहे का? आणि करार सांभाळू म्हणणाऱ्यांनी आपल्याच सोनोमा कॅम्पसकडे बघावं. जानेवारी २०२५ मध्ये सहा डिपार्टमेंट बंद करायचं जाहीर झालं, फिलॉसॉफी, इकॉनॉमिक्स सुद्धा. डिपार्टमेंटच उरलं नाही तर ताईंचं बारावं कलम काय चाटायचंय? त्याला रस्त्यावर उतरणारी माणसंच लागतात.

तासिकावाला:
मी इकडे महाराष्ट्रात, तासिका तत्त्वावर. तुमचं भांडण वाचून हेवा वाटला हो, खरंच. तुमच्याकडे भांडायला करार तरी आहे, आमच्याकडे जीआर असतो आणि त्यावर पुढचा जीआर येतो. २०१३ ला आमच्या प्राध्यापकांनी ४ फेब्रुवारी ते १० मे परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, नेट-सेट पात्रता परीक्षा नसलेल्यांचा प्रश्न आणि सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी. सरकारने ७१ दिवसांचा पगार अडवून ठेवला आणि ते प्रकरण पुढे कित्येक वर्षं कोर्टात. संघटनेच्या निवडणुकीत अजून तो विषय निघतो, कोण तेव्हा उभा राहिला आणि कोणी गुपचूप पेपर तपासले. आम्ही तासिकावाले मात्र दोन्हीकडे नाही, कारण आमची त्यात मोजदादच नाही.

बाय द वे ताई, तुम्हाला मत आहे ना? तुमच्याकडे वर्गणी भरली नाही तरी करार लागू होतो असं वाचलं होतं.

जुना_खडू:
बरोबर धरलंत. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या जेनस निकालानंतर सरकारी नोकरीत मेंबर नसलेल्याकडून युनियन एक डॉलरही घेऊ शकत नाही. करार सगळ्यांना, मत फक्त मेंबरला. चहाबिस्किट, पे स्टब, म्हणजे पगाराची स्लिप, उघडून कपातीत युनियनचं नाव आहे का बघा.

चहाबिस्किट:
बघितलं. पार्किंग आहे, डेंटल आहे, युनियन नाही. पाच वर्षं दोन्ही गटांचे ईमेल येतायत म्हणून मी समजत होते की मेंबर आहे!! फॉर्म आत्ताच भरला, या निवडणुकीत मत मिळेल का ते उद्या विचारते. आणि खडूकाका, २०२२ चं एक पत्र सापडत नाहीये.