कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असताना नवी लस घ्यायची का? तुम्ही कसं ठरवलंत?

वृंदा_सिडको
काल ओपीडीत डॉक्टरांनी नेहमीच्या गोळ्यांच्या खाली एक ओळ वाढवली, शिंग्रिक्स, दोन डोस. म्हणजे नागिणीची लस. मला २०२० पासून मायलोमा, म्हणजे एक रक्ताचा कॅन्सर आहे, त्याचं बोर्टेझोमिब इंजेक्शन सुरू झाल्यापासून नागीण उठू नये म्हणून असायक्लोव्हिर घेतेच आहे, आता वर ही लस. एका डोसला दहा हजार. घरी येऊन रिपोर्ट फाईलला लावायला घेतले आणि आतून तो कागद पडला, मार्च २०२१ चा, कोविडच्या लशीसाठीचा. ४५ ते ५९ वाल्यांनी डॉक्टरांची सही आणायची होती बघा, वीस आजारांची यादी होती त्यावर. माझ्या आजारापुढची निळ्या पेनाची खूण तशीच आहे, घडीवर मात्र कागद फाटलाय.

सही झाल्यावर तो कागद अकरा दिवस माझ्या पर्समध्ये पडून होता. भाऊ फोनवर सांगायचा घेऊ नकोस, आधीच तुझी प्रतिकारशक्ती नाही. हे म्हणायचे घे. डॉक्टर म्हणाले या लशीतला विषाणू शरीरात वाढत नाही, त्याची भीती नको, पण तुमच्या अंगात अँटिबॉडी किती तयार होतील ते मी सांगू शकत नाही. ते ऐकून तर मी जास्तच अडकले, लागू पडेल की नाही माहीत नाही तर त्या गर्दीत जायचं कशाला? शेवटी डे-केअरच्या सिस्टर पोटावर इंजेक्शन देता देता म्हणाल्या, ताई मी जानेवारीतच घेतली, माझ्यामुळे तुम्हाला काही व्हायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

तुम्ही सांगा ना. कोविडची, फ्लूची, न्यूमोनियाची, कुठलीही असो. कुणाचं ऐकलंत?

अबोली७१
माझं सगळं हातावरून. डाव्या बाजूचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढलेल्या, त्या हाताला बीपीचा पट्टासुद्धा लावू देत नाही मी. केंद्रावरच्या मुलीने सवयीने डावी बाही वर करायला घेतली, मी ओरडलेच. बिचारी घाबरली. उजव्या हाताला घेतली आणि तीन आठवड्यांनी पेट स्कॅन, तर रिपोर्टमध्ये उजव्या काखेत गाठ!! दोन रात्री झोप नाही, नवऱ्याला सांगितलंही नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, लस कधी घेतली आणि कुठल्या हाताला? लशीने त्या बाजूच्या गाठी काही आठवडे सुजतात म्हणे. पुढच्या सोनोग्राफीत काही नव्हतं. तेव्हा वृंदाताई, स्कॅन जवळ असेल तर आधी विचारून घ्या आणि लस कुठल्या हाताला घेतली ते फाईलवर लिहून ठेवा.

मंगलमावशी
नागीण झालीय मला केमो संपल्यावर तीन महिन्यांनी. कमरेला. परकराची नाडी बांधता येत नव्हती, पंख्याचा वारा लागला तरी आग. शेजारच्या आजी काव लावायला आल्या, वर म्हणाल्या दोन्ही टोकं जुळली की माणूस राहत नाही. माझी सून रडायला लागली. ती नस धरून उठते, एकाच बाजूला येते, टोकं कुठली जुळतायत. पण पुरळ गेलं तरी दुखणं वर्षभर राहिलं. तेव्हा ही लस आपल्याकडे मिळत नव्हती. घे गं बाई

वृंदा_सिडको
मावशी 🙏 माझ्या सासूबाईपण हेच टोकं जुळण्याचं सांगतात, त्यांना तुमचं वाचून दाखवते

सचिन_क
आमच्या बाबांना लिम्फोमा. रिटुक्सिमॅब चालू होतं. डॉक्टर म्हणाले ज्या पेशी अँटिबॉडी बनवतात त्याच या औषधाने जातात, आत्ता लस दिली तर फारशी लागू पडणार नाही, शेवटच्या डोसनंतर सहा महिने जाऊ देत, तोवर घरातल्या सगळ्यांनी घ्या. पटलं आम्हाला. आईचा नंबर लागला मार्चमध्ये, माझा लागायचा होता कारण मी तेव्हा ३६. एप्रिलमध्ये कोविड मीच ऑफिसातून घरी आणला. बाबा १९ दिवस ऑक्सिजनवर होते आणि गेले. सही केलेला कागद आमच्याकडेपण आहे, आई टाकू देत नाही.

एवढ्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं की मीच आणला.

अबोली७१
सचिन, वाचून हात थांबले. तू कामावर जात होतास रे, घर चालवायला.

वृंदा_सिडको
सचिनदादा, त्या महिन्यात कुठल्या घरात कोण घेऊन आलं हे कुणालाच कळत नव्हतं. तुम्ही डॉक्टरांना विचारून थांबला होतात. आईंना नमस्कार सांगा.

लातूरकर
आम्ही परळला टाटात ट्रीटमेंटला होतो तेव्हा, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. बायकोच्या लशीपेक्षा मोठा प्रश्न मला कोविनचा, ओटीपी गावाकडे पोराच्या मोबाईलवर यायचा, तो शेतात. तोवर स्लॉट संपलेले. धर्मशाळेत एक अकोल्याचे गुरुजी होते, ते सगळ्यांचं बुकिंग करून द्यायचे, रात्री मोबाईल चार्जिंगला रांग. आमची ओळख अजून आहे, मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाला जाऊन आलो. वरण काय झालं होतं म्हणून सांगू

मंगलमावशी
अकोल्याचं वरण म्हणजे वर तूप किती ते विचारू नका 😄 पत्नी कशा आहेत आता?

लातूरकर
बऱ्या आहेत. सहा महिन्याला दाखवायला जातो.

पोरांची_आई
मोठ्याला ल्युकेमिया, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. त्यानंतर लहानपणीचे सगळे डोस पहिल्यापासून, अकराव्या वर्षी. गोवर-गालगुंडवाली जिवंत लस असते म्हणून ती दोन वर्षांनंतर. तो म्हणायचा आई मी परत बाळ झालो का. पण मला झगडावं लागलं ते धाकटीसाठी. पल्स पोलिओच्या रविवारी दारात दोन ताई, दो बूंद, आणि मी नाही म्हणतेय. तोंडावाटे दिलेल्या डोसातला विषाणू शीतून बाहेर पडतो, घरात असा पेशंट असेल तर दुसऱ्या मुलाला पोलिओचं इंजेक्शन द्यायचं असतं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तरी शेजारी म्हणाले शिकलेली बाई आणि पोलिओला नाही म्हणते. त्या ताईंनी मात्र चिठ्ठीचा फोटो काढला, धाकटीच्या करंगळीला शाई लावली नाही म्हणून ती रडत बसली, मग मीच स्केचपेनने लावून दिली.

वृंदा_सिडको
करंगळीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मोठा कसा आहे आता?

पोरांची_आई
दहावीला! क्लासवरून येईल आता, पोहे टाकते, नंतर लिहिते

गोरेगाव_पूर्व
मला तो कागदच मिळाला नव्हता. नियम होता की गाठीचा कॅन्सर १ जुलै २०२० नंतर सापडलेला हवा नाहीतर ट्रीटमेंट चालू हवी. माझं फेब्रुवारी २०२० चं, रेडिएशन डिसेंबरमध्ये संपलेलं. मी ना पेशंट ना धडधाकट. १ एप्रिलला ४५ च्या वरच्या सगळ्यांना सुरू झाली तेव्हा घेतली. तो एक महिना भाजी आणायलासुद्धा खाली उतरले नाही.

न्यूजर्सीची_नीता
मी इकडे, आई पुण्यात, दोघींनाही एकाच वर्षी निघालं. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्यासारख्यांना इथे तिसरा डोस मिळाला, आईला १० जानेवारी २०२२ नंतर. ते पाच महिने मी रोज रात्री फोनवर तिला मास्क लावलास का विचारायचे आणि ती म्हणायची तू जेवलीस का. शिंग्रिक्स मी घेतलीय वृंदा. दुसऱ्या डोसला एक दिवस ताप, हात जड. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करायचा नाही एवढं ठरवून ठेव.

सचिन_क
वृंदाताई, आईने विचारलंय तुमचं काय ठरलं.

वृंदा_सिडको
आईंना सांगा घेतेय. डॉक्टरांशी बोलले, इंजेक्शनचा आठवडा सोडून मधल्या आठवड्यात घ्यायची. शुक्रवारी सीबीसी, प्लेटलेट बऱ्या असल्या तर सोमवारी. मेडिकलवाले बर्फाच्या पाकिटात घालून देणार, तिथून दवाखाना दहा मिनिटं, हे गाडी काढतील. अबोलीताई, उजव्या हाताला घेतेय, फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.