तपासणी झाली, पुढे काय? माध्यमिक शाळांतल्या आरोग्यसेवेचा अनुभव धागा

शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी होते. वजन-उंची लिहितात, डोळे-दात पाहतात आणि काही मुलांच्या हातात रुग्णालयात जाण्याची चिठ्ठी पडते. ती दप्तरात जाते आणि बऱ्याचदा तिथंच चुरगळते. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी सेवा कमी नाहीत, पण एका पायरीवरून दुसरीवर जाताना मूल मध्येच हरवतं. या कामात असलेल्यांनी इथं लिहावं. आपली कहाणी नको. काम कसं चालतं, कुठं फसतं आणि का, तेवढं हवं. शाळेचं, गावाचं, मुलाचं नाव टाळा.

आरोग्य तपासणी पथकातले डॉक्टर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. पथकात आयुषचे (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) दोन डॉक्टर, एक पुरुष आणि एक स्त्री, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. सरकारी आणि अनुदानित शाळांतली १८ वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. विनाअनुदानित शाळांनी आपली सोय आपणच करायची असते, आणि बहुतेक जण ती करत नाहीत.

शाळेनं आधी दोन गोष्टी कराव्यात. वर्गवार यादी जनरल रजिस्टरवरच्या जन्मतारखेसह तयार ठेवावी. या वयात वजन कमी की जास्त हे वय आणि उंची धरूनच ठरतं, त्यामुळे अंदाजानं वय घातलं की निष्कर्षच चुकतो. दुसरं, वजनकाटा सतरंजीवर ठेवू नये, कडक फरशीवर ठेवावा. उंची मोजताना बूट काढून टाचा भिंतीला टेकवायच्या आणि मुलींचा अंबाडा सोडायचा. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात पथकाला बोलावू नका, घाईत अर्धी मुलं सुटतात.

चिठ्ठीचं म्हणाल तर तिची स्थळप्रत वर्गशिक्षकाकडे हवी. वहीत तीनच रकाने पुरतात: कुठं पाठवलं, गेला का, पुढची तारीख. पंधरा दिवसांनी ‘गेला का’ हा रकाना रिकामा दिसला की पालकांना फोन करायचा. दात किडलाय ही चिठ्ठी महिनाभर थांबेल. पण घसा दुखून गेल्यावर मोठे सांधे आळीपाळीनं सुजले आणि मूल जिना चढताना धापा टाकू लागलं, तर ती चिठ्ठी थांबवू नका. हा संधिवाताचा हृदयविकार असू शकतो. निदान झालं की दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन अनेक वर्षं घ्यावं लागतं. ते चुकतं कशामुळे, तर त्या दिवशी शाळेतून सुट्टी मिळत नाही म्हणून! हजेरीपटावर त्या तारखा आधीच खुणा करून ठेवाव्यात.

जाता जाता: नायट्यावर मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावून आलेली मुलं हल्ली फार दिसतात. आठ दिवस खाज थांबते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. खरजेला घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं असतं. एकट्या मुलाला लावून काही होत नाही.

ग्रामीण रुग्णालयातले नेत्रचिकित्सा अधिकारी

शिक्षकांनी करायची डोळ्यांची प्राथमिक तपासणी सोपी आहे, तरी निम्म्या ठिकाणी चुकते. तक्ता बरोबर ६ मीटरवर हवा. वर्ग लहान असेल तर व्हरांड्यात घ्या. उजेड तक्त्यावर पडला पाहिजे, मुलाच्या डोळ्यांवर नाही. एक डोळा तळहातानं झाकायचा, बोटांनी दाबायचा नाही. दाबलेला डोळा उघडल्यावर मिनिटभर अंधुक दिसतं आणि चांगला डोळाही नापास होतो. तक्त्यावरची ६/९ ची ओळ दोहोंपैकी कुठल्याही एका डोळ्यानं वाचता आली नाही तरी मुलाला आमच्याकडे पाठवा.

रांगेतली मुलं तक्ता पाठ करतात. तक्त्याकडे पाठ करून उभं करा, नाहीतर ‘ई’ अक्षराचा तक्ता दर वेळी फिरवा. डोळे बारीक करून वाचलेली ओळ धरू नका. डोळे बारीक केल्यानं नंबर असलेल्यालाही थोडं स्पष्ट दिसतं.

काही मुलांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर काढावा लागतो. त्यानंतर जवळचं वाचायला दिवसभर, औषधाप्रमाणे कधी त्याहून जास्त दिवस त्रास होतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठवू नका. चष्मा मोफत मिळतो, पण फ्रेम मुलाला निवडू द्या. मोठ्या माणसाची फ्रेम नाकावरून घसरली की चष्मा कंपासपेटीत जातो. महिन्यानं वर्गात नुसतं पाहायचं: तो डोळ्यांवर आहे की पेटीत?

लोहाच्या गोळ्यांचं काम पाहणाऱ्या शिक्षिका

निळी गोळी: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, आठवड्याला एक, वर्षाला ५२. बहुतेक शाळांत सोमवार ठरलेला असतो. पोषण आहार आठवीपर्यंतच असल्यामुळे त्या मुलांना जेवणानंतर गोळी देणं सोपं जातं. नववी-दहावीचे डब्यावर असतात, आणि डबा न आणणारी मुलं नेमकी याच वर्गांत असतात. उपाशीपोटी गोळी गेली की मळमळ ठरलेली. एकीला उलटी झाली की बघून दहा जणींना होते, दुपारपर्यंत गेटवर पालक जमतात आणि पुढचे सहा महिने गोळी बंद. म्हणून मोठ्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला द्या आणि ‘आज काय खाल्लं’ हे आधी विचारा. खाल्लं नसेल तर त्या दिवशी गोळी नाही, मंगळवारी.

शौचाला काळं होतं हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरचे घाबरतात. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, लिंबू-आवळा चालेल. ताप असलेल्या मुलाला त्या दिवशी देऊ नका. रजिस्टरवर खूण गिळताना पाहिल्यावरच करायची. खिडकीच्या गजांमागे सापडणाऱ्या गोळ्यांचीही खूण झालेली असते! शिक्षकानं वर्गासमोर स्वतः एक घेतली तर निम्मी कुरकुर मिटते. उन्हाळी सुट्टीसाठी आठवडे मोजून गोळ्या घरी द्याव्या लागतात, ते बहुतेकजण विसरतात.

जंतनाशक वेगळं. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, चावून खायची गोळी. पोटात जंत जास्त असतील तर थोडं पोट दुखतं, काही तासांत थांबतं.

पाळीचं सामान ऑफिसच्या कपाटात कुलपात असेल तर ते नसल्यासारखंच. शिपाईमामांकडे किल्ली मागायला कुठली मुलगी जाईल? स्वच्छतागृहातच डबा ठेवा. दोन जादा सलवारी, जुनी वर्तमानपत्रं, झाकणाची बादली आणि मुख्य म्हणजे पाणी. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं असतं आणि शाळाच सहा तासांची असते, एवढं गणित वेळापत्रक करणाऱ्यांना कळलं तरी पुष्कळ. दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल, पाळी सात दिवसांवर जात असेल किंवा पंधराव्या वर्षापर्यंत आलीच नसेल, तर डॉक्टरांकडे पाठवायला आईला सांगा.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ

लोहाच्या गोळ्यांवर लिहिणाऱ्या ताईंच्या मुद्द्याला जोडून. बोट टोचून हिमोग्लोबिन पाहताना पहिला थेंब पुसून टाकायचा. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं की पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. थंडीत आधी हात चोळून गरम करा. मुलींना १२ च्या (ग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली रक्तक्षय धरतात. मुलांना १४ वर्षांपर्यंत १२ आणि १५ पासून १३. आकडा ८ च्या खाली असेल तर शाळेच्या गोळीवर विसंबू नका, रुग्णालयात पाठवा.

सिकलसेलवर काम करणारे आरोग्य कार्यकर्ते (विदर्भ)

गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारकडच्या शाळांसाठी. सिकलसेल हा रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. त्याची पहिली, म्हणजे विद्राव्यता चाचणी होकारार्थी आली म्हणजे मूल रुग्णच आहे असं नाही. ती चाचणी वाहक आणि रुग्ण वेगळे करत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. वाहक मूल इतरांसारखंच खेळतं आणि त्याला निळी गोळी चालते. रुग्ण असलेल्या आणि वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या मुलांना लोह डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. थॅलेसेमियालाही तेच. यादीत अशा नावांपुढे लाल खूण हवी.

वर्गात पाणी सतत जवळ असू द्या. ही मुलं वारंवार लघवीला जातात, कारण त्यांचं मूत्रपिंड पाणी नीट धरून ठेवत नाही. त्यावरून रागावून पाणी कमी प्यायला लावलं की वेदनांचा झटका ओढवतो. ताप आणि अंगदुखी एकत्र, किंवा छातीत दुखत असेल, तर घरी सोडू नका. १०८ बोलवा.

शाळा समुपदेशक

‘आता जा समुपदेशक मॅडमकडे’ हे शिक्षा म्हणून उच्चारलं गेलं की वर्षभर एकही मूल आपणहून येत नाही. खोली मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी नको. दाराला काच असावी. आत कोण आहे ते दिसावं, बोलणं मात्र ऐकू येऊ नये.

पहिल्याच मिनिटाला सांगायचं: इथलं बोलणं इथंच राहील, पण तीन गोष्टी मला पुढे सांगाव्याच लागतील. तुझ्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका आणि लैंगिक अत्याचार. हे नंतर सांगितलं तर मुलाला तो विश्वासघातच वाटतो. ‘कुण्णाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका.

शिक्षकांनी निदान करायचं नसतं, बदल टिपायचा असतो. दर सोमवारी पहिल्या तासाला दुखणारं पोट, एप्रिलच्या उन्हातही पूर्ण बाह्या, डबा न उघडणं, मित्र अचानक तुटणं, आवडती वही दुसऱ्याला देऊन टाकणं. ‘टेन्शन सगळ्यांनाच असतं’ हे वाक्य बोलणं तिथंच संपवतं.

जगणं नकोसं वाटतंय अशी शंका आली तर सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहापर्यंतही सोबत जायचं. पालकांना त्याच दिवशी शाळेत बोलवा, चिठ्ठी पाठवून भागणार नाही. घरातली औषधं आणि शेतीची फवारणीची औषधं कुलपात ठेवायला सांगा. ग्रामीण भागात या एका गोष्टीनं वेळ मिळतो, आणि वेळ मिळणं फार मोठं असतं. मग जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मूल शाळेत परत येईल तेव्हा वर्गात कसलीही घोषणा नको. एक ठरलेला शिक्षक आणि एक मित्र पुरे.

अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर खातरजमा शाळेनं करायची नसते. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. मग मुख्याध्यापक, सखी सावित्री समिती (शाळेतली मुलांच्या सुरक्षिततेची समिती), संस्थाचालक अशा पाच जणांसमोर तीच गोष्ट वदवून घेऊ नका. पोलीस जबाब घेताना गणवेशात नसावेत आणि तो मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, हे कायद्यातच आहे. ते ठामपणे मागा.

मैत्री क्लिनिकमधली समुपदेशक

१० ते १९ वयोगटासाठी ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत ही सोय असते. पाळी, मुरुमं, स्वप्नदोष, तंबाखू, गुटखा, मनातली भीती, काहीही विचारता येतं. मुलगे येत नाहीत ही खरी अडचण आहे. ओपीडीची वेळ शाळेच्या वेळेतच पडते आणि केसपेपरच्या रांगेत शेजारचे काका उभे असतात. शाळेनं महिन्यातून एक दुपार आम्हालाच बोलावलं तर जमतं. नाव न घालता प्रश्नांची पेटी आठ दिवस आधी फिरवा.

बालमधुमेहाच्या परिचारिका

प्रकार १ चा मधुमेह असलेल्या मुलाला अचानक घाम, थरथर, चिडचिड, उत्तराला उशीर असं झालं की रक्तातली साखर ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेली असं समजून चाला. आधी साखर मोजायचं यंत्र आणायला धावत बसू नका. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबा, तोवर आणलेल्या यंत्रानं तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. मग पोळी किंवा बिस्किटं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. हे सगळं पीटीच्या तासानंतर जास्त होतं, म्हणून पीटीच्या सरांच्या खिशात ग्लुकोजची पुडी हवी.

फिट आल्यावर कांदा, चप्पल, चमचा यातलं काही नको. घड्याळ बघा, कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर ठेवा. पाच मिनिटांवर गेली तर १०८.

विशेष शिक्षिका

अध्ययन अक्षमतेच्या (बुद्धी असूनही वाचन-लेखन-गणित अडणं), परीक्षेत सवलत मिळवून देणाऱ्या दाखल्याची धावपळ लोक दहावीच्या डिसेंबरात सुरू करतात. आधी डोळे आणि कान तपासलेले लागतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. दोन-चार फेऱ्या आणि मधल्या तारखा धरून महिने जातात. मुंबईत शीव, नायर, केईएम रुग्णालयांकडे रांग लांब असते. आठवीतच नाव नोंदवा. शाळेनं द्यायचा अहवाल ‘अभ्यासात कच्चा’ असा एका ओळीत नको. वह्यांच्या प्रती जोडा, कुठली अक्षरं उलटतात, आकडे उतरवताना काय चुकतं ते लिहा.

आणखी एक, जे हटकून राहतं. लहानपणी मिळालेला दाखला कायमचा नसतो. केंद्राच्या निकषांनुसार वयाची आठ वर्षं झाल्यावर तो मिळतो आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी लागते. १४ म्हणजे साधारण नववी. तिसरीतला दाखला फाईलमध्ये आहे म्हणून पालक निर्धास्त असतात, आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलतींचा अर्ज भरताना तो मुदतबाह्य निघतो. नववीच्या जूनमध्ये सगळ्या फाईली काढून दाखल्यावरची तारीख बघा.