मदत हवी आहे : मेसोपोटेमियातून न परतलेल्या पणजोबांचा शोध

नमस्कार. आम्ही मूळचे बार्शी तालुक्यातले, सध्या सोलापुरात राहतो. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले ते परतलेच नाहीत; ना पत्र आले ना अस्थी, त्यामुळे पणजीने अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही आणि तिथी ठाऊक नसल्याने त्यांचे पान आजही सर्वपित्री अमावास्येलाच वाढले जाते. आजोबांनी तर हा विषयच घरात वर्ज्य केला होता. माझे वडीलही त्याबद्दल तुटकच बोलतात.

२९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातल्या कुत येथे तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिशांच्या सैन्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या, आणि त्यांतले कितीतरी शिपाई तुर्कांच्या कैदेत दगावले. या मोहिमेत मेलेल्यांसाठी ब्रिटिशांनी बसऱ्यात उभारलेल्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणीगणिक नुसता आकडा घातला गेला (संताप येतो, दुसरे काय). पणजोबांचा पलटण क्रमांक आम्हाला माहीत नाही. केवळ नाव, वडिलांचे नाव आणि गाव यांवरून नोंद सापडू शकते का? आधी बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला लिहावे, की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी? कोणी असा शोध घेतला असल्यास कृपया सविस्तर कळवावे.