प्लस एंड, मायनस एंड : धन-ऋण की शेंडा-बुडखा?

भाषांतरवाली : पेशीविज्ञानाच्या नोट्स मराठीत आणतेय. मायक्रोट्यूब्यूलला, म्हणजे पेशीतल्या प्रथिनाच्या पोकळ नळीला, 'सूक्ष्मनलिका' जमलं. पण प्लस आणि मायनस एंडला 'धन टोक', 'ऋण टोक' लिहिलं की मुलांना बॅटरीच आठवते. 'टोके स्थिर करणारी प्रथिने' हेही फार कोरडं वाटतं. काही सुचतंय का?

उसाच्या गावचा : धन-ऋण नकोच. विद्युतभाराचा इथे काही संबंध नाही. नळी ज्या प्रथिनाची बनते त्या ट्युब्युलिनच्या जोड्या जिथे भराभर लागतात ते प्लस, जिथे सावकाश ते मायनस. आमच्याकडे उसाला शेंडा आणि बुडखा असतो, तेच घ्या. शेंडा वाढता वाढता एकाएकी कोसळतो आणि पुन्हा वाढू लागतो. हा चंचलपणा मिचिसन आणि किर्शनर यांनी १९८४ साली मांडला. कोसळताना नळीच्या तेरा धाग्यांची टोकं केळ्याच्या सालीसारखी बाहेर वळतात. तिथे 'विघटन' कशाला, सुंभासारखं 'उकलणे' म्हणा. आणि कोसळणं थांबून पुन्हा वाढ सुरू होते त्या रेस्क्यूला 'सुटका' नको, 'सावरणे'. क्लास्प नावाचं प्रथिन शेंड्याला सावरतंच.

प्रयोगशाळेतून : शेंडा पटला. बुडखा मात्र मातीत रोवलेला असतो. सेंट्रोसोम, म्हणजे पेशीतलं नळ्या उगवण्याचं केंद्र, त्यातून निघालेल्या नळ्यांना ते चालेल, तिथे गॅमा-ट्युब्युलिनचं कडं बूड झाकतं. पण चेतापेशीत कितीतरी नळ्यांची बुडं मोकळीच असतात. ती कॅमसॅप प्रथिनं सांभाळतात, फळमाशीत त्यांचंच भावंड पॅट्रोनिन. २०१० साली फळमाशीच्या पेशींतलं पॅट्रोनिन कमी करून पाहिलं, तर कायनेसिन-१३ हे नळ्या उकलणारं प्रथिन त्यांना बुडाकडून कुरतडू लागलं. म्हणजे काम राखणीचं. नावही लॅटिन 'पात्रोनुस'वरून, म्हणजे रक्षणकर्ता. कोकणात शिवेवर असतो तो राखणदारच की! 'टोकराखी प्रथिने' कसं वाटतं?

उसाच्या गावचा : मी 'टोपण' सुचवणार होतो.

प्रयोगशाळेतून : टोपण गॅमा-ट्युब्युलिनच्या कड्याला शोभेल. कॅमसॅप-२ नुसतं टोकावर बसत नाही. बूड हळूहळू वाढतं तसं ते नळीच्या अंगावर साचत जातं, त्याचा पट्टाच होतो. मुसळाची वसवी, म्हणजे टोकाला बसवलेलं लोखंडी कडं, म्हटलं असतं, पण आता मुसळ कोणी पाहिलंय?

भाषांतरवाली : 'बूड' घेते, 'बुडखा' नको. 'उकलणे', 'सावरणे', 'राखणदार' तर घेतलेच. 'टोकराखी' वाचून मात्र आमच्या वर्गात कोणीतरी राखीपौर्णिमा काढणार, नक्की!