पात्र ठरवायच्या आधी डीएमशी बोला
एकाने विचारलंय ना की डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन बोलत खेळायचा खेळ) ऑनलाइन एक्सप्लोरेशन कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनोळखी प्रदेश शोधत फिरायच्या लांबलचक खेळात, पहिल्यांदाच येतोय तर रेंजर (रानवाटांचा जाणकार) घेऊ की ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा), त्यावर माझं म्हणणं असं की आधी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला विचारा, अन्नपाणी आणि अंतर खरंच मोजणार आहात का? कारण डी अँड डीच्या २०१४ च्या नियमांत साध्या चालीने दिवसाला २४ मैल होतात, म्हणजे ६ मैलांचा हेक्स (नकाशावरचं षटकोनी घर) धरला तर चार हेक्स, आणि माणशी रोज एक पौंड अन्न न् एक गॅलन पाणी लागतं, आता त्यात ड्रुइडने गुडबेरी हा मंत्र टाकला की दहा बेऱ्यांत दहा जणांची दिवसभराच्या अन्नाची सोय, आणि रेंजर त्याच्या आवडत्या प्रदेशात (पात्र बनवताना निवडलेला, जंगल किंवा डोंगर असा) असला तर कुणी जादू केल्याशिवाय पार्टी, म्हणजे सगळ्यांच्या पात्रांचा गट, वाटच चुकत नाही! मग उपासमार आणि भटकणं, म्हणजे ज्याच्यासाठी आपण आलो तेच गायब. त्यामुळे काही डीएम गुडबेरी बदलून घेतात, मला ते पटतं.

आणि नकाशा प्लेअरनीच काढायचा हां, ही माझी कळकळीची विनंती. आमच्या गेममध्ये मी वहीत काढायचे, एकदा धुक्यातून बाहेर आलो तर डावीकडे असायला हवी ती नदी उजवीकडे वाहत होती, हेडफोनमध्ये सगळे एकदम गप्प, मग हळूच एकजण म्हणाला, आपण कालपासून उलटे चालतोय. तो सेशन मी अजून विसरले नाहीये.

रेंजर घ्याच, फक्त आवडता प्रदेश कॅम्पेनच्या मुख्य भागातला नको.