मदत हवी आहे: सांगलीहून आलेलं पद्मिनी गाडीच्या इंजिनाचं हेड तडकलेलं निघालं, बदल्यात कबूल केलेला बंपर पाठवू की थांबवू?

फियाटवेडा_इंदूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या आणि आमच्या इंदुरी मराठीला हसू नका.

माझ्याकडे बाबांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, गियर स्टिअरिंगवर. वर्षभरात दोनदा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं सील) उडालं. तिसऱ्यांदा खरादवाल्याने (लेथवाल्याने) हेडवर पट्टी ठेवली, खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवला आणि म्हणाला, भिया इसमें अब कुछ बचा नहीं. आधीच्या मालकांनी आणि आम्ही मिळून इतक्यांदा फेसिंग मारलंय की आता घासायला जागाच उरली नाही. लोहामंडीत दोन दिवस फिरलो, मारुतीचं पाहिजे तेवढं मिळतं, फियाट (पद्मिनीचं जुनं नाव) म्हटलं की लोक आधी जुन्या आठवणी सांगतात, चहा पाजतात आणि मग नाही म्हणतात.

मग ऑनलाइन सांगलीचे एक काका भेटले. त्यांच्याकडेही पद्मिनी, आणि एक जादा हेड. त्यांना पाहिजे होता पुढचा क्रोमचा बंपर, तो माझ्याकडे माळ्यावर चादरीत गुंडाळलेला पडलाय, एकही गंज नाही. ठरलं असं की हेड मला, बंपर त्यांना, वर मी ४००० द्यायचे. पैसे मी लगेच पाठवले. हेड त्यांनी आधी पाठवलं, बंपर मी माल बघून पाठवणार होतो.

ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल आला तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते, वर पाऊस, हमाल म्हणाला साहब जल्दी करो. मी सही केली आणि गाडीत टाकून घरी. खोक्याचा एक कोपरा दबलेला दिसत होता पण तेव्हा काही वाटलं नाही. घरी उघडलं तर आत वर्तमानपत्र आणि बस्स, बाकी काही नाही. मॅनिफोल्ड (हेडला जोडायचा पाइप) बसतो त्या बाजूचा टोकाचा स्टड (तो कसायचा आटेवाला दांडा) वाकलेला आणि त्याच्या मुळाशी ॲल्युमिनियमचा टवका उडालेला. बरं ते एक वेळ ठीक. पण पुसून बघतो तर तीन नंबरच्या सिलिंडरच्या चेंबरमध्ये, इनलेट आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह टेकतात त्या सीटच्या मधोमध केसासारखी रेघ!

काकांना फोटो पाठवले. ते म्हणतात मी पाठवलं तेव्हा चांगलं होतं, ट्रान्सपोर्टवाल्याने आपटलं असेल, त्याच्याकडे क्लेम कर. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो सही केलीत ना. आणि काका रोज सकाळी विचारतात, बंपर निघाला का? माणूस वाईट वाटत नाही, वयानेही मोठे आहेत, पण ४००० गेले, भाडं ६५० गेलं आणि हातात तडकलेलं हेड.

बंपर पाठवू का अडवून ठेवू? क्लेम होतो का? आणि हे हेड कामाचं आहे का भंगार?

पाना_१२_१३

आधी एक काम करा. टवका उडालाय तिथे आणि रेघेच्या आत, दोन्ही ठिकाणी टॉर्च मारून बघा. रंग काय आहे?

फियाटवेडा_इंदूर

टवका उडालेली जागा पांढरी चकचकीत, साखरेसारखी दाणेदार. रेघ काळी आहे.

पाना_१२_१३

मग तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटला. चकचकीत म्हणजे तुटणं ताजं, वाटेत झालं. काळं म्हणजे आत कार्बन शिरलाय, म्हणजे त्या तड्यासकट इंजिन चाललेलं आहे. दोन सीटच्या मधला तडा आपटून जात नाही, गाडी गरम होऊन जातो. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, पाणी कमी पडलं की हेडच आधी मार खातं. तेव्हा स्टड ट्रान्सपोर्टच्या किंवा पॅकिंगच्या खात्यावर, तडा काकांच्या. काकांना माहीत होतं असं मी म्हणत नाही, न धुतलेल्या हेडमध्ये ही रेघ दिसत नाही.

खात्री करायची असेल तर घरगुती टेस्ट. चेंबर घासून साफ करा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी एकदम कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरा. तड्यात शिरलेलं रॉकेल पूड ओढून घेते, रेघ किती लांब आहे ते आपोआप दिसतं.

फियाटवेडा_इंदूर

रॉकेल आता मिळतंय कुठे? डिझेल चालेल?

पाना_१२_१३

चालेल. थिनर नको, पुसेपर्यंत उडून जातो.

बिल्टीबहाद्दर

क्लेमचं मी सांगतो, अठरा वर्षं ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये काढलीत. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) मालाची किंमत किती लिहिलीय ते आधी बघा.

फियाटवेडा_इंदूर

५००. काकांनी लिहिली, म्हणे जास्त लिहिली की भाडं वाढतं.

बिल्टीबहाद्दर

झालं कल्याण. कॅरेज बाय रोड ॲक्ट २००७ चा आहे, त्याच्या नियमांत असं की जास्तीची जोखीम वेगळी घेतली नसेल तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापट, पण लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. तुमचं भाडं ६५०, दहापट ६५००, पण किंमत लिहिली ५००, म्हणजे जास्तीत जास्त ५००. बुक केल्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते, तेव्हा दिवस आहेत, द्यायची तर द्या. पण ५०० रुपयांसाठी देवास नाक्याला किती चकरा मारणार? पेट्रोल जास्त जाईल.

पुढच्या वेळी लक्षात ठेवा. खोका दबलेला दिसला की सही करायच्या आधी बिल्टीच्या त्यांच्या कॉपीवर पेनाने लिहायचं, "खोका दबलेला, माल तपासून घेतला नाही". हमाल घाई करतोच, करू दे, त्याचं कामच ते.

काळीपिवळी

धाग्याशी थेट संबंध नाही पण लिहितो. हे असं का झालंय माहितीये का, मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्यात फियाटचा नटबोल्ट मागा, मिळायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झालेली, वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ ला तीही रस्त्यावरून गेली. कारखाना तर त्याच्या आधीच बंद. आता जे काय आहे ते तुमच्याआमच्या माळ्यावर, आणि माळ्यावरचा माल कोणी धुऊन ठेवत नाही. माझ्याकडेच तीन कार्बोरेटर आहेत, कुठला चालतो विचाराल तर माहीत नाही.

अर्धवट_मेकॅनिक

मी असतो तर बंपर अडवला असता. सरळ हिशोब, चांगला माल द्या, चांगला माल घ्या.

सातारची_स्टेपनी

मला नाही पटत. बंपर अडवला की काकांच्या डोक्यात तुम्ही चोर, आणि तुमच्या डोक्यात काका चोर. या छंदात माणसं मूठभर, उद्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर लागला तर परत त्यांच्याच दारात जाणार आहात. माझा अनुभव सांगते, मी एकदा विंडशील्डचं रबर विकलं, पलीकडच्याला ते कडक निघालं, त्याने निम्मे पैसे परत मागितले, मी रागाने नाही म्हटलं. दोन वर्षांनी मला जी दाराची काच पाहिजे होती ती नेमकी त्याच्याकडे. काय तोंडाने फोन करणार? अजून दाराला ॲक्रिलिक लावून फिरतेय, पावसात शिट्टी वाजते.

काकांना फोन करा. मेसेज नको, फोन. आणि पहिलं वाक्य तड्याचं नको.

फियाटवेडा_इंदूर

टेस्ट केली. पूडीसाठी आईकडे रांगोळी मागितली तर कशाला म्हणून चौकशी झाली, मग तिनेच मुलाचा खडूचा डबा काढून दिला. गॅलरीत पेपर पसरून हेड उलटं ठेवलं, डिझेल, पुसणं, खडू. पाच मिनिटं काही नाही, मी म्हटलं चला वाचलो, आणि मग पांढऱ्यावर हळूहळू एक ओली रेघ उमटत गेली, एका सीटपासून दुसऱ्या सीटपर्यंत आणि पुढे अजून करंगळीच्या पेराएवढी एक्झॉस्ट पोर्टमध्ये (धूर बाहेर जायच्या वाटेत) खाली. आई म्हणाली हातावरच्या रेषेसारखी दिसते रे. बाबा असते तर हसले असते.

आता हे वेल्ड होतं का?

पाना_१२_१३

प्रेशर टेस्ट करून घ्या, पाण्याची भोकं बंद करून हवा भरतात आणि गरम पाण्यात बुडवतात. सीटच्या मधला तडा वॉटर जॅकेटपर्यंत (हेडमधल्या पाण्याच्या पोकळीपर्यंत) पोचला नसेल तर नव्या सीट टाकून काम होतं. पोचला असेल, आणि पोर्टमध्ये उतरलाय म्हणता म्हणजे बहुतेक पोचलाय, तर आर्गन वेल्डिंग करतात पण जुनं ॲल्युमिनियम तेल पिऊन बसलेलं असतं, वेल्ड करताना बुडबुडे धरतं. आधी सगळं हेड नीट तापवणारा कारागीर असेल तरच द्या. स्टडची काळजी नको, हेलिकॉइल (खराब आट्यांत बसवायची तारेची स्प्रिंग) टाकलं की काम झालं.

नवा_मेंबर

मधेच विचारतो, मला सेम गाडीचा ब्लॉक मिळतोय कुरिअरने, घेऊ का?

बिल्टीबहाद्दर

ब्लॉकवर इंजिन नंबर असतो, तुमच्या आरसीवर दुसराच आहे. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आधी लागते. आणि ज्या गाडीचा ब्लॉक आहे तिचे कागद नसतील तर चोरीचा माल घेतल्याची भानगड गळ्यात. कागद बघितल्याशिवाय ॲडव्हान्ससुद्धा देऊ नका. बाकी वेगळा धागा काढा.

फियाटवेडा_इंदूर

अपडेट. सियागंजच्या मागे एकाकडे प्रेशर टेस्ट केली. तीन नंबरच्या पोर्टमधून बुडबुड्यांची माळ निघाली. हेड गेलं.

काकांना फोन केला. ताईंनी सांगितलं तसं आधी गाडीची चौकशी केली, त्यांची १९८२ ची आहे, वीस मिनिटं तेच. मग खडूच्या रेघेचा आणि बुडबुड्यांचा व्हिडिओ पाठवला. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरे ते मी भंगारवाल्याकडून उचललेलं, धुतलंपण नव्हतं, मला काय माहीत." आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत ४००० परत आले, भाड्याचे ६५० पण वर. मी काही मागितलंच नव्हतं.

आता उलटंच लफडं झालंय. त्यांच्याकडे अजून एक हेड आहे, ते सांगलीत टेस्ट करून व्हिडिओ पाठवून मगच देतो म्हणतात. मी म्हटलं बंपर उद्याच टाकतो. ते म्हणतात नाही, हेड मिळेपर्यंत बंपर पाठवलास तर घेणार नाही. मी म्हणतो काका तुमच्यावर विश्वास आहे, ते म्हणतात माझा माझ्या डोळ्यांवर राहिला नाही.

शेवटी त्यांच्या पुतण्याने तोडगा काढला, दोघांनी एकाच दिवशी बुक करायचं आणि बिल्टीचा फोटो एकमेकांना पाठवायचा. तर आता बंपर पॅक कसा करू? कुरिअरवाल्याने भाव ऐकवला तर डोळे पांढरे झाले.

काळीपिवळी

कुरिअर आकारमानाने मोजतं भाऊ. लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक ५००० ने भागतात. १५० बाय ३० बाय २० चा खोका धरा, ९०००० भागिले ५०००, अठरा किलो. बंपर भरेल सात-आठ, पैसे अठराचे. ट्रान्सपोर्टने किंवा ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाका. ट्रॅव्हल्सने टाकलात तर गाडी नंबर आणि क्लीनरचा फोन घ्या, आणि उतरवायला कोणीतरी स्टॉपवर उभं पाहिजे, नाहीतर बंपर पुढच्या गावाला फिरून येतो.

सातारची_स्टेपनी

क्रोमला वर्तमानपत्र थेट लावू नका, ओलं झालं की शाई आणि डाग दोन्ही बसतात. आधी मऊ सुती कापड, मग बबल रॅप, मग दोन्ही टोकांना जुन्या ट्यूबचे तुकडे घट्ट बांधा कारण बंपर आपटतो तो टोकावर. बाहेरून दोन लाकडी पट्ट्या लांबीला, त्याशिवाय त्याच्यावर कोणी पोतं टाकलं की मधून वाकलाच. आणि काकांना सांगा हेडचे स्टड काढून वेगळ्या पिशवीत द्या, नाही निघाले तर प्रत्येकावर पाइपचा तुकडा चढवा. खालच्या फेसला प्लायवूड, बोल्टने कसून.

बिल्टीबहाद्दर

आणि किंमत खरी लिहा दोघांनी! "जुना वापरलेला पार्ट, घरगुती वापरासाठी" असं एक सहीचं पत्र सोबत जोडा. ई-वे बिलाची (माल नेण्यासाठीच्या जीएसटीच्या कागदाची) कटकट ५०००० च्या वर, तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

फियाटवेडा_इंदूर

काकांच्या हेडचा व्हिडिओ आला, बादलीत एकही बुडबुडा नाही, मागून काकांचा आवाज, "बघ, बघ, कोरडं आहे." आज दुपारी दोन्हीकडे बुकिंग झालं. त्यांनी बिल्टीवर ६००० लिहिलेत, मीही ६०००.

काउंटरवरचा पोरगा बंपर बघून विचारत होता, भिया ये किसका है? म्हटलं फियाटचा. म्हणाला, वो क्या होती है?

हेड आलं की इथेच कळवतो. या वेळी सही उजेडात करणार.